जोडीचं पान

बाड परत घरी आलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. बाबांनी ते तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर आडवं घेतलं होतं आणि त्यांची लेक मुंगी मागून त्याच्यावर छत्री धरून चालत होती. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. पण ऊन लागलं की पुठ्ठा वाकतो असं आबांचं म्हणणं होतं, आणि बाडाच्या बाबतीत आबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणसांच्या डोक्यावर ऊन पडलं तर त्यांची काही हरकत नव्हती.

खाली बाइंडिंगच्या दुकानात सगळे वाटच पाहत होते. शिवणीच्या टेबलाशी आबा, कापायच्या मशीनला टेकून काका, खळीच्या भांड्यात उगाच कुंचला ढवळत आत्या, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आई. बाबांनी बाड टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात झटकले.

"घेतला दाखला?" आईनं विचारलं.

"नाही," मुंगी म्हणाली. "पुस्तक घेत नाही म्हणाले."

"पुस्तक कुठंय हे?" आबा दुखावले. "कागदपत्रं आहेत."

"तेच मी सांगितलं. तर म्हणाले, कागदपत्रं फायलीत राहतात, फाईल कपाटात राहते, आणि हे कपाटात ठेवलं तर दार लागत नाही. खरंच लावून बघितलं त्यांनी. शिपायाला बोलावून दोघांनी ढकललं."

"माझा अंगठा मध्ये होता," बाबा म्हणाले. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मी आधीच सांगितलं होतं," काका म्हणाले. त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं, पण गेली तीस वर्षं ते प्रत्येक संकटात हेच वाक्य म्हणत आले होते आणि त्यावरच त्यांचा घरातला थोरपणा उभा होता.

मुंगीनं पिशवीतून नेमणुकीचं पत्र काढून पुन्हा वाचून दाखवलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून आपली निवड झाली आहे. जन्मदाखल्याची मूळ प्रत सुट्या स्वरूपात आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत कार्यालयात जमा करावी, अन्यथा प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवारास बोलावण्यात येईल. 'सुट्या' या शब्दाखाली कारकुनानं तिच्यादेखत लाल रेघ मारली होती. नोंदणी कार्यालयात दुसरी प्रत मागायचा विचार तिनं केव्हाच करून सोडून दिला होता. तिथे तीन आठवडे लागत होते.

आणि तिला ही नोकरी हवी होती. अगदी पोटातून हवी होती. एकशे सत्तर जणांत तिचा तिसरा नंबर आला होता. शिवाय या घरात आजवर कुणाला नेमणुकीचं पत्र असं आलंच नव्हतं. जो जन्माला आला तो खाली दुकानात उतरला आणि खळीला लागला. तिला काचेच्या नळ्या, पांढरा कोट आणि स्वतःचं एक टेबल हवं होतं, ज्यावर दुसऱ्या कुणाचा कुंचला पडलेला नसेल.

आता हा दाखला सुटा का नव्हता, तर त्याला कारण धाकटा काका. पंचवीस वर्षांपूर्वी तो आपली कागदपत्रं एका पाकिटात घालून "दोन दिवसांत येतो" म्हणून गेला, आणि त्यानंतर त्याचं एक पत्र तेवढं आलं, कुठल्याशा बंदरातून, दोन ओळींचं. आबांनी आठवडाभर दुकान बंद ठेवलं, घरातल्या प्रत्येकाचे कागद गोळा केले आणि सगळे एकत्र शिवून टाकले. जन्म, शाळा, लग्न, लसी, चष्म्याचे नंबर, मशीनच्या गॅरंट्या, काही म्हणून सोडलं नाही. कागद सुटा राहिला की माणूस सुटतो, असं त्यांचं साधं गणित होतं. मग दर दोन-चार वर्षांनी नवी पानं आली की पाठ उघडायची, मागे जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचा नवा गठ्ठा, जोडायचं आणि नवं कापड चढवायचं. असं करत करत बाड पावणेपाच किलोंवर गेलं होतं.

घरातल्यांना याची सवय झाली होती. मुंगीच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी पालकांच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बाड बसलं होतं आणि आई उभी होती. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला बाड येताना दिसलं की मशीनचं झाकणच काढून बाजूला ठेवायचा.

"आबा," मुंगी म्हणाली, "माझं एकच पान काढायचं आहे. बाकी सगळं तसंच राहील."

"राहत नाही," आबा म्हणाले.

"का?"

"जुजात एकटं पान नसतं. दोन पानं पट्टीनं जोडायची, मधून दुमडायची, मग घडीतून दोरा घालायचा. घडीत एक कापलं की पलीकडचं निघालं. प्रत्येकाला जोड आहे."

"पट्टी ओली करून सोडवली तर?"

"तर शाई पसरेल. मग जन्म झाला होता एवढंच कळेल, कुणाचा ते नाही."

मुंगीला वाटलं, सगळे तिच्या नोकरीचाच विचार करताहेत. पण तसं नव्हतं. या घरात पंचवीस वर्षं बाडाला हात लावायची मुभा फक्त आबांना होती, आणि आपलं पान कुणाशी जोडलंय हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आता तो सगळ्यांना एकदम पडला.

"माझं कुणाशी आहे?" काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. आवाजावरून कळत होतं की उत्तर त्यांना ठाऊक आहे. थोरल्या मुलाचं पान बापाशी नसेल तर कुणाशी असणार.

आबांनी बाड उघडलं, बोटानं पानं मोजली, घडीच्या मध्यावर आले आणि तेवढीच पानं पलीकडे मोजली. "हे."

काका वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "ही तर कापायच्या मशीनची गॅरंटी आहे."

"हो."

"मी मशीनशी जोडलेलो आहे?"

"तुझं लग्न झालं नाही. बाड शिवलं त्याच साली मशीन आलं. आकारही जुळत होता."

"गॅरंटी दोन वर्षांची होती," बाबा हळूच म्हणाले.

काका मशीनपासून बाजूला झाले. इतका वेळ ज्याला टेकून उभे होते त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं की आईला हसू आवरेना आणि तिनं तोंड जिन्याकडे फिरवलं. पाच मिनिटांपूर्वी हेच काका आबांच्या बाजूला होते. एक पान निघालं की घराला भोक पडेल असं ते मुंगी यायच्या आधी सगळ्यांना पटवून देत होते. आता ते टेबलाला वळसा घालून मुंगीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"पोरीचं पान काढा," ते म्हणाले. "आणि लागलंच हातासरशी माझंही काढा."

"आधी माझं बघू दे," आत्या म्हणाली.

आत्याचं लग्न चार वर्षं टिकलं होतं. ती परत आली त्या दिवसापासून खळीचं काम तिच्याकडे होतं, आणि ती फार घट्ट खळ करायची. आबांनी तिचं पान काढलं. लग्नाचा दाखला. मग पलीकडे मोजत गेले. तिथे एक जाड कोरं पान होतं आणि त्यावर नंतर चिकटवलेला घटस्फोटाचा निकाल.

आत्यानं ते पान नखानं चाचपून पाहिलं. ती कागदात वाढलेली बाई होती. तिला एक शब्द वाचावा लागला नाही.

"हे कोरं पान आणि माझा दाखला एकाच वेळी शिवलाय," ती म्हणाली.

"हो."

"लग्न झालं त्या आठवड्यात तुम्ही माझ्या दाखल्याला कोरं पान जोडलंत?"

"पुढं लागतं," आबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय असायचंय. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात पुस्तक दिलं होतं. त्यानं ते उघडं पालथं टाकलं, पाठ मोडेल असं. असा माणूस काही जपत नाही."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू खुशीत होतीस." आबांनी बाडावरची नसलेली धूळ पुसली. "मी आपली जागा ठेवली."

आत्या रडेल असं मुंगीला वाटलं. पण ती खळीच्या भांड्याशी गेली, कुंचला उचलून पाण्यात टाकला आणि म्हणाली, "काढा. सगळ्यांचीच काढा. मी काही मशीनबिशीन नाही, पण मलाही कंटाळा येतो." काकांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की दोघं आता एकाच बाजूला आहेत, आणि त्यांनी तिच्यासाठी स्टूल सरकवलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तिच्यासाठी काहीच सरकवलं नव्हतं.

"आणि माझं?" आईनं विचारलं. सुनेनं मध्ये बोलायचं नाही असा काही नियम नव्हता, पण बोलल्यावर उत्तर मिळायचं नाही अशी पद्धत होती.

आज मात्र आबांना उत्तर द्यावं लागलं. "तुझं जोडीत नाही. तू नंतर आलीस. तुझं कडेनं खळ लावून चिकटवलंय. कधीही निघतं."

"बावीस वर्षं मी नुसती चिकटवलेली आहे?"

"चांगली खळ आहे," बाबा म्हणाले.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं बरंच लांबलं. बाबांनी दुखरा अंगठा तोंडात घातला. मग आईचा चेहरा हळूहळू बदलला. या घरात आपण एकट्याच अशा आहोत की ज्यांना कुणाचंही काही न फाडता निघता येतं, हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती जिन्यावर पुन्हा बसली, पण आता ऐसपैस बसली.

"तुमचं बघायचं का?" आत्यानं बाबांना विचारलं.

"मला नाही बघायचं," बाबा म्हणाले, आणि त्या विषयावर ते शेवटपर्यंत ठाम राहिले. आयुष्यात एवढे ठाम ते दुसऱ्या कशावरही राहिले नव्हते.

घड्याळात अडीच वाजले होते. इथं जो तो आपापल्या जोडीचं उकरून काढत बसला होता आणि पुढचा उमेदवार कुठेतरी केस विंचरून तयार बसला असेल. मुंगीनं पत्र टेबलावर ठेवलं.

"माझं कुणाशी आहे ते सांगा," ती म्हणाली. "आणि ज्याचं असेल त्यानं हो म्हणावं. मी पाय धरीन त्याचे. आबा, मला जायचं आहे. दुकान सोडून, घर सोडून नाही. संध्याकाळी सहाला परत येणार आहे मी. रोज."

"तोही दोन दिवसांत येणार होता," आबा म्हणाले.

"मी तो नाही."

आबांनी बाड उघडलं, शेवटून पाचव्या जुजाशी थांबले आणि तिचा दाखला काढला. मग मोजायलाही न लागता सरळ पलीकडचं पान उलटलं. पिवळट कागद, खाली दोन अंगठे आणि एक सही. प्रतिज्ञापत्र. आबांच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती, म्हणून त्यांनी पन्नाशीत दोन साक्षीदार नेऊन ते करून घेतलं होतं.

काकांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, पण या वेळी ते काही आधीच सांगितलं होतं असं म्हणाले नाहीत.

"माझं पान तुझ्या आजीशी होतं," आबा मुंगीला म्हणाले. "ती गेली तेव्हा तिचं काढून दफ्तरात जमा करावं लागलं. माझं सुटं पडलं. मी ते नुसतंच मध्ये ठेवत होतो, आणि बाड उचललं की ते बाहेर यायचं. दोन वर्षं असंच चाललं. मग तू झालीस."

मुंगीला जे पाय धरायचे होते ते आबांचेच निघाले. आणि तिला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की नोकरी राहू दे, असं ती म्हणणारच होती. ओठांवर आलंही होतं. पण आबांनी सुरी उचलली होती.

त्यांनी पट्टी घडीवर ताणून धरली आणि सुरी वरून खाली एकदाच फिरवली. दोरा तुटल्याचा आवाजही आला नाही. मुंगीचा दाखला त्यांच्या उजव्या हातात आला आणि प्रतिज्ञापत्र डावीकडे घसरलं.

त्याबरोबर घरात नवाच गोंधळ सुरू झाला. मघाशी ज्यांना बाडातून बाहेर पडायचं होतं ते सगळे आता आबांच्या पानाला जोड द्यायला पुढे आले.

"माझ्याशी लावा," काका म्हणाले. "मशीनची गॅरंटी तशीही संपलेली आहे."

"माझ्याकडे कोरं पान आहे," आत्या म्हणाली. "निकाल खरवडून काढते. दहा मिनिटांचं काम."

"मी चिकटवलेली आहे, मला कुठेही लावता येतं," आई म्हणाली.

"बसा खाली," आबा म्हणाले. "सुटं राहू दे. मला आता कुठं दाखल व्हायचंय."

पण सुटं पान बाडात ठेवत नाहीत, ते हरवतं. म्हणून आबांनी प्रतिज्ञापत्र दोन पुठ्ठ्यांत धरलं, सदऱ्याच्या आत छातीशी सरकवलं, आणि मग मुंगीबरोबर चालू लागले. आबा निघाले म्हणून काका निघाले. काका निघाले म्हणून आत्या. बाबा आणि आई मागून आले, आणि दुकानात उरलं नुसतं बाड, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकटं.

कार्यालयात रांगेत दीड तास मोडल्यावर कारकुनानं चष्म्यातून आधी दाखला पाहिला आणि मग मुंगीमागे उभं असलेलं घर पाहिलं.

"कडेला हे काय आहे? उंदीर लागलाय?"

दाखल्याच्या डाव्या कडेला सात अर्धी भोकं होती.

"नाही," मुंगी म्हणाली. "शिवलेला होता. तुम्ही सकाळी बघितलात की."

"सकाळी पुस्तक बघितलं. हा कागद पहिल्यांदा बघतोय. कशाला शिवला होता?"

"दुसऱ्या कागदाला."

"म्हणजे हा अर्धा आहे."

"अर्धा नाही, पूर्ण आहे. माझा एवढाच आहे."

"ते तुम्ही म्हणता. कापलेल्या भागावर काय लिहिलं होतं मला काय माहीत? समजा तिकडे लिहिलं असेल, वरील मजकूर रद्द." त्यानं हात जोडले, पण नम्रपणानं नाही. "जोड दाखवा. जोड नसेल तर कागद घेता येत नाही. पावणेपाच झालेत."

मुंगीनं मागे वळून पाहिलं. आबा सदऱ्याची बटणं काढत होते. एकेक बटण काढायला त्यांना वेळ लागत होता, आणि काका ओठ न हलवता बटणं मोजत होते. शेवटी पुठ्ठे बाहेर आले. कारकुनानं दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि सरकवत सरकवत भिडवले. सातही भोकं गोल झाली.

"जुळतंय," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात जरा निराशा होती. मग त्यानं प्रतिज्ञापत्र वाचलं. "तुमचा जन्म अंदाजे झालाय?"

"हो," आबा म्हणाले.

"बरं. पण आता मला दोन्ही ठेवून घ्यावे लागतील. जोड सिद्ध झाल्यावर वेगळी करता येत नाही. ही जोपर्यंत नोकरीत आहे तोपर्यंत तुमचा कागद हिच्या फायलीत राहील. चालेल?"

आबा बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत राहिले. मुंगीला वाटलं, ते नाही म्हणतील. पंचवीस वर्षांत त्यांनी एक चिठोरं घराबाहेर ठेवलं नव्हतं.

"ही कुठं बसणार?" त्यांनी विचारलं.

"प्रयोगशाळा वर. दुसरा मजला."

"आणि फाईल?"

"खाली. या कपाटात."

"म्हणजे एकाच इमारतीत."

"हो."

"चालेल," आबा म्हणाले.

कारकुनानं शिक्का मारला, दोन्ही कागदांना कोपऱ्यात भोक पाडलं, दोरा घातला आणि त्याला एक गाठ मारली. ती गाठ पाहून काकांनी डोळे मिटले. आत्या "अगं बाई" म्हणाली. आबांनी काही न विचारता फाईल आपल्याकडे ओढली आणि गाठ सोडली. कारकुनानं तोंड उघडलं, पण समोर पाच जण एकाच नजरेनं बघत आहेत हे पाहून त्यानं ते मिटलं.

आबांनी दोरा सरळ केला, दोन्ही टोकं बोटांत घेतली आणि थांबले. त्यांची बोटं इतकी वर्षं एकाच प्रकारची गाठ मारत आली होती, जी सुरीशिवाय निघत नाही. त्यांनी मान वर करून मुंगीकडे पाहिलं.

"कशी बांधू?"

मुंगीनं दोऱ्याच्या टोकांकडे पाहिलं.

"ओढली की सुटेल अशी," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. ती गाठ त्यांना पटकन जमली नाही. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा दोराच निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी ती सावकाश बांधली, टोक तिच्या बाजूला ठेवलं, आणि फाईल काउंटरवर पलीकडे सरकवली.